गाण्यांचे ॲप निवडण्याआधी गाणी कशी ठेवली आहेत ते बघा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी कॅसेटी आणि सीड्यांवरून वर्षानुवर्षे उतरवून ठेवलेली साधारण ४००० गाणी आहेत. जुन्या फोनमधले प्लेअर ॲप नव्या अँड्रॉइड फोनवर चालत नाही. दुसरे एक टाकून पाहिले, तर सगळी गाणी विस्कटली. आई रात्री हरिपाठ आणि ज्ञानेश्वरी लावते, मुलगी शास्त्रीय गाणे शिकते. ‘चांगल्या आवाजाचे, जाहिराती नसलेले एकच ॲप सांगा.’

मी मिरजेत गेली वीस वर्षे कॅसेटी, स्पूल आणि जुन्या तबकड्या डिजिटल करून देतो. पूर्वी गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन निघून जायचे. आता तेच गिऱ्हाईक फोन पुढे करते आणि म्हणते, ‘यात टाकून द्या, आणि आमच्या बाबांना लावता येईल असं बघा.’ त्यामुळे प्लेअर निवडून देणे हे न मागता गळ्यात पडलेले काम झाले आहे. ॲपची नावे सांगतोच, पण तुमच्या प्रश्नातले दोन शब्द आधी खोडतो. पहिला ‘चांगल्या आवाजाचे’ आणि दुसरा ‘एकच’.

आवाजाचे आधी मिटवू. एमपीथ्री फाइल उलगडून तिचे आवाजात रूपांतर करणे हे गणित आहे आणि ते कधीच पक्के झाले आहे. एकच फाइल दोन बऱ्यापैकी ॲपमध्ये लावली, दोन्हीकडचे इक्वलायझर (बास, वरचे सूर वगैरे कमी-जास्त करायच्या पट्ट्या) बंद ठेवले आणि आवाजाची पातळी सारखी ठेवली, तर डोळे मिटून ऐकणाऱ्याला फरक सांगता येत नाही. मी हा खेळ तालमीतल्या कानांच्या गवयांबरोबरही खेळलो आहे. ‘या ॲपचा आवाज भारी’ असे जेव्हा लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्या ॲपने न विचारता बास वाढवलेला असतो किंवा एकूण आवाज जरा मोठा ठेवलेला असतो. कानाला मोठा आवाज चांगला वाटतो, एवढेच. आवाजात खरा फरक पाडतो तो इअरफोन, त्यानंतर मूळ ध्वनिमुद्रण, त्यानंतर ब्लूटूथ की वायर. ॲपचा नंबर शेवटचा.

‘बास बूस्टर’ म्हणून विकली जाणारी ॲप तर घेऊच नका. डिजिटल आवाजाला वर एक छत असते. गाणे आधीच त्या छताला टेकलेले असेल आणि तुम्ही बास सहा डेसिबलने वाढवला, तर लाटेचे माथे छाटले जातात आणि मृदंगाचा घुमारा फाटक्या कापडासारखा वाजतो. इक्वलायझर वापरायचाच, तर वाढवण्याऐवजी कमी करायला शिका. कॅसेटची सरसर नकोशी होत असेल, तर वरच्या टोकाच्या दोन पट्ट्या थोड्या खाली घ्या. वाढवणे भागच असेल, तर प्रीॲम्प नावाची, एकूण पातळी ठरवणारी पट्टी तेवढीच खाली आणा. आणि १२८ केबीपीएसची (दर सेकंदाला किती माहिती साठवली याचे हे माप) फाइल ३२० ची करून देणारे कोणी भेटले, तर त्याला नमस्कार करून पुढे जा. वाटीतले दूध तांब्यात ओतल्याने वाढत नाही.

जागेचा हिशेबही इथेच उरकतो. १२८ केबीपीएसचे गाणे मिनिटाला जवळपास एक एमबी घेते, ३२० चे २.४ एमबी. सरासरी पाच मिनिटे धरली, तर तुमची ४००० गाणी पहिल्या हिशेबाने वीसेक जीबीत आणि दुसऱ्या हिशेबाने ४८ जीबीत बसतील. सीडीवरून फ्लॅकमध्ये, म्हणजे काही न गमावता उतरवली असतील, तर १०० जीबीच्या आसपास धरा. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांना फ्लॅकची गरज फोनमध्ये तरी नाही. मूळ प्रत संगणकावर फ्लॅकमध्ये ठेवा, फोनमध्ये एमपीथ्री न्या.

आता मुद्द्याचे. तुमची गाणी ‘विस्कटली’ म्हणजे नेमके काय झाले? फाइली जिथल्या तिथे होत्या. बाबांनी फोल्डर केले होते: ‘अभंग’, ‘भावगीते’, ‘नाट्यसंगीत’, त्यांच्या पोटात गायकांची नावे. जुने ॲप फोल्डर दाखवत होते. नवे ॲप फोल्डरकडे ढुंकून बघत नाही. ते प्रत्येक फाइलच्या आत लिहिलेली चिठ्ठी वाचते. तिला टॅग म्हणतात. त्यात गाण्याचे नाव, कलाकार, अल्बम, वर्ष, क्रमांक अशी माहिती असते. बाबांनी या चिठ्ठ्या कधी लिहिल्याच नाहीत. मग नव्या ॲपला दिसतात ते ४००० बेवारशी ‘ट्रॅक ०१’ आणि ‘अज्ञात कलाकार’. ज्या काही मोजक्या चिठ्ठ्या भरलेल्या असतील, त्यांत कुठल्यातरी फुकट गाणी देणाऱ्या संकेतस्थळाचे नाव कलाकार म्हणून मिरवत असेल.

माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ घरांची अडचण हीच असते, आणि ॲपची निवड इथेच ठरते. तुम्ही गाणे शोधता कसे? कपाटातल्या खणासारखे, म्हणजे ‘अभंगांच्या खणात, तिसरी कॅसेट’ असे शोधत असाल, तर तुम्हाला फोल्डर दाखवणारे ॲप हवे. ‘सुधीर फडक्यांच्या चालीचे काहीतरी लाव’ असे म्हणत असाल, तर टॅग वाचणारे हवे, आणि आधी टॅग भरायला हवेत. जाहिरातीत सगळीच ॲप दोन्ही करतो म्हणतात. उघडल्यावर पहिल्या पडद्यावर काय दिसते ते बघा. फोल्डरचा दरवाजा मेनूच्या तिसऱ्या पायरीखाली असेल, तर तुमच्या आईसाठी तो दरवाजा नाहीच असे समजा.

माझे मत विचाराल, तर ज्या घरात संग्रह कोणा एका माणसाने हाताने लावलेला आहे, तिथे फोल्डरच ठेवावेत. त्या रचनेत त्या माणसाची आवड असते. टॅगच्या नावाखाली ती मोडू नये.

तरीही काही टॅग भरावेत, आणि ते भरताना एक अडचण येते जी इंग्रजी गाणी ऐकणाऱ्याला कळत नाही. टॅगांची रचना एका बँडच्या एका अल्बमवरून झाली आहे. ‘आर्टिस्ट’ एक, काम संपले. आपल्याकडे एका भावगीताला तीन धनी: कवी, संगीतकार आणि गायक. त्यातले कोणाच्या नावाने गाणे शोधाल याचा नेम नाही. त्यासाठी ‘कंपोझर’ नावाचा रकाना असतो, त्यात संगीतकार लिहा. गीतकाराचाही रकाना एमपीथ्रीच्या टॅगमध्ये आहे, पण तो दाखवणारी ॲप फार थोडी. मी कवीचे नाव शीर्षकातच डॅश देऊन लिहितो. शुद्धतावाद्यांना पटणार नाही, पण शोधले की सापडते.

दुसरा रकाना ‘अल्बम आर्टिस्ट’. हा रिकामा राहिला की घोटाळा होतो. गीतरामायणाचेच घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते प्रथम प्रसारित झाले, तेव्हा ५६ गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. हा संच फोनमध्ये टाकला, की अनेक ॲप प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम करून त्याचे तुकडे पाडतात. अल्बम आर्टिस्टमध्ये सगळ्या ५६ फाइलींना एकच नाव दिले, की ते पुन्हा एकत्र येतात. ट्रॅक क्रमांकही भरा. नाहीतर ॲप अकारविल्ह्याने लावते आणि स्वयंवराआधी वनवास होतो. शफल चालू राहिले तर विचारूच नका.

देवनागरीच्या गमती आणखी निराळ्या. एकच गायक ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पं भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीत, असा चार ठिकाणी सापडतो. ॲपच्या लेखी हे चार वेगळे गवई. हे डोळ्यांना दिसते तरी. न दिसणारे आहे ते कीबोर्डचे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेल्या संगणकीय सांकेतिक पद्धतीत, स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. त्याआधी आणि नंतरही अनेक जण ‘अ’ वर चंद्र देऊन ते लिहीत आले. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेताना एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. ‘वाऱ्यावर’मधल्या ऱ्याचेही तेच, तो दोन-तीन प्रकारे टंकता येतो. तुम्ही टाइप केलेले गाणे डोळ्यांसमोर असूनही ॲप ‘काही सापडले नाही’ म्हणाले, तर ॲपला शिव्या देण्याआधी हे तपासा. शब्दाचा ज्यात ही अक्षरे नाहीत तेवढाच तुकडा टंकून शोधा.

टॅगमध्ये मराठीऐवजी भलतेच काही दिसत असेल, तर काय दिसते त्यावरून रोग ओळखता येतो. अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसत असतील, तर ते नाव युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले आहे. फॉन्ट ओळखला की त्याचे रूपांतर करता येते. डोक्यावर टोप्या आणि तिरप्या रेघा असलेली युरोपीय अक्षरे दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या सांकेतिक पद्धतीने वाचला जातो आहे. तेही दुरुस्त होते. पण नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर मूळ नाव पुसले गेले. ते परत येत नाही.

ही प्रश्नचिन्हे मी एकदा स्वतःच्या हाताने केली आहेत. एका कीर्तनकारांच्या ६०० फाइली होत्या. फोनमधल्याच एका प्लेअरच्या आतल्या टॅग-संपादकातून एकदम सगळ्यांचा अल्बम बदलायला गेलो. त्याने अल्बम बदलला आणि बाकीचे देवनागरी रकाने जुन्या पद्धतीने परत लिहिले. ६०० प्रश्नचिन्हे. संगणकावर प्रत होती म्हणून मान खाली घालावी लागली नाही. तेव्हापासून टॅग फोनमध्ये भरत नाही. संगणकावर ‘एमपीथ्रीटॅग’ किंवा ‘किड-थ्री’ वापरा, आधी प्रत काढा, दहा फाइलींवर करून बघा, मग पुढे जा. फाइलीचे नाव मी रोमन लिपीत आणि सुरुवातीला दोन आकडी क्रमांक देऊन ठेवतो, आतला टॅग देवनागरीत. कारण गाडीतल्या अनेक म्युझिक सिस्टिमांना देवनागरी येत नाही, त्या चौकोन दाखवतात. तिथे निदान फाइलीचे नाव तरी वाचता येते.

आईंचे पाहू. त्या गाणी ऐकत नाहीत, पाठ ऐकतात. त्यामुळे त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय ‘१, २, ३’ असे क्रमांक देऊन ठेवले असतील, तर बरीच ॲप ते १, १०, ११ असे लावतात आणि दोनवर पोचायला अठरावा संपावा लागतो. म्हणून ‘०१, ०२’. दुसरे, अध्याय मोठा असतो, मध्येच झोप लागते. उद्या तिथूनच पुढे सुरू व्हायला हवे. गाण्यांचे प्लेअर बहुधा शेवटची एकच जागा लक्षात ठेवतात. मध्ये कोणी दुसरे गाणे लावले की ती गेली. तिसरे, झोपेचा टायमर, आणि तोही ‘चालू असलेले संपल्यावर थांब’ असे सांगता येणारा. ओवीच्या मध्यावर आवाज तुटला की त्या जाग्या होतात, असे मला एका आजींनीच सांगितले आहे.

म्हणून त्यांच्यासाठी गाण्याचे ॲप नकोच. ध्वनिपुस्तकांचे ॲप द्या. ‘व्हॉइस’ नावाचे मुक्तस्रोत ॲप आहे, फुकट आणि विनाजाहिरात. ते एका फोल्डरला एक पुस्तक मानते आणि प्रत्येक पुस्तकात कुठे थांबलो हे वेगवेगळे लक्षात ठेवते. एक फोल्डर हरिपाठाचा, एक ज्ञानेश्वरीचा. पडद्यावर दोन चित्रे दिसतील, त्यातल्या एकावर बोट ठेवायचे. दोन्ही फोल्डरांत स्पष्ट मुखपृष्ठ टाका, कारण चष्मा काढल्यावर अक्षरे नाही, चित्रच ओळखू येते. त्यांना एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन मिळतो. कॅसेट उतरवताना एकाच बाजूचा आवाज आलेल्या फाइलींनाही हाच उतारा.

मुलीला तिसरेच काहीतरी हवे. शिकणाऱ्याला गाणे पूर्ण ऐकायचे नसते. एक तान, एक हरकत शंभरदा ऐकायची असते. त्यासाठी सुरुवातीची आणि शेवटची खूण करून तेवढाच तुकडा फिरवता आला पाहिजे, स्वर न बदलता लय कमी करता आली पाहिजे, आणि लय न बदलता पट्टी बदलता आली पाहिजे. गुरूंचे मुद्रण पांढरी पाचमध्ये आहे आणि मुलगी काळी चारमध्ये गाते, तर हार्मोनियमवरच्या एकाच पट्टीचा फरक. तो सहज करता येतो. काळी एकमधल्या पुरुष गायकाचे मुद्रण तिच्या पट्टीत न्यायला गेलात, तर गवई नाकात बोलणाऱ्या बाहुल्यासारखा ऐकू येईल. दोन-तीन पट्ट्यांपलीकडे जाऊ नका. लयही पाऊणपटीपर्यंतच उतरवा. निम्म्यावर आणली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि श्रुतींचा अंदाज चुकतो. या कामाला ‘म्युझिक स्पीड चेंजर’ हे ॲप चांगले आहे. तानपुऱ्याचे ॲप सोबत चालू ठेवायचे असेल, तर लक्षात ठेवा की अँड्रॉइडवर एक ॲप वाजू लागले की शिष्टाचार म्हणून दुसरे गप्प बसते. हा शिष्टाचार मोडायची सोय ‘ऑडिओ फोकस’ नावाखाली काही प्लेअरांच्या सेटिंगमध्ये असते.

शास्त्रीय संगीतासाठी आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे सलग वादन. सीडीवर विलंबित आणि द्रुत बंदिश दोन ट्रॅकमध्ये असते, पण तबला मध्ये थांबत नाही. एमपीथ्री करताना फाइलीच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटते, कारण आवाज ११५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांच्या) ठरावीक तुकड्यांतच बांधता येतो. ती शांतता किती हे चांगला एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, फाइलीतच नोंदवून ठेवतो. नोंद वाचून ती कापणारे ॲप असेल, तर सम चुकत नाही. न कापणारे असेल, तर नेमका समेच्या आधी ठेचकाळल्यासारखा खड्डा येतो. याच्या उलट ‘क्रॉसफेड’. एक गाणे विरताना दुसरे सुरू होते. लग्नाच्या पंगतीला ठीक. भैरवीच्या शेवटच्या षड्जावर पुढच्या लावणीची ढोलकी चढली, की घरातले ज्येष्ठ तुमच्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. बंद ठेवा.

जुनी तबकडी हळू आणि नवे चित्रपटगीत कानठळ्या बसवणारे, अशी तक्रार असेल, तर ‘रिप्लेगेन’ समजणारे ॲप घ्या. संगणकावर ‘फूबार २०००’ने एकदा सगळ्या फाइली तपासून घ्यायच्या. ते आवाजाला हात न लावता, किती कमी-जास्त करायचे याची नोंद टॅगमध्ये ठेवते. प्लेअर ती वाचून पातळी सारखी करतो. संपूर्ण रागाच्या मुद्रणाला ‘अल्बम’ पद्धत निवडा, नाहीतर आलाप द्रुताएवढा मोठा होऊन बसेल.

परवानग्यांचे झटपट. अँड्रॉइड १३ पासून ‘संगीत आणि ऑडिओ’ ही वेगळी परवानगी आहे. गाणी वाजवायला तेवढी पुरते, सोबत सूचना दाखवायची परवानगी. तुमचे संपर्क, ठिकाण किंवा कॅमेरा मागणारे प्लेअर ॲप त्याच पावली काढून टाका. आणि पडदा बंद झाल्यावर दहा मिनिटांत गाणे थांबत असेल, तर दोष बहुधा ॲपचा नसतो. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्याच्या उत्साहात मागे चाललेले ॲप मारून टाकतात. सेटिंगमध्ये त्या ॲपपुढे बॅटरी ‘अनिर्बंध’ करा. यासाठी माझ्याकडे येण्याआधी लोकांनी विनाकारण चार-चार ॲप बदललेली असतात. व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप गाण्यांत घुसत असतील, तर ॲपला फक्त तुमचा गाण्यांचा फोल्डर वाचायला सांगा.

‘एवढा खटाटोप कशाला, सगळे ऑनलाइन मिळते की,’ असे घरात कोणीतरी म्हणेलच. मीही ऑनलाइन ऐकतो. नवे ऐकायला त्यासारखे साधन नाही. पण गूगल प्ले म्युझिक २०२० च्या डिसेंबरात बंद झाले. रेसो जानेवारी २०२४ अखेरीस भारतातून गेले, त्याच वर्षी विंकही. तिथल्या याद्या, तिथे ‘डाउनलोड’ केलेली गाणी त्यांच्याबरोबर गेली. स्पॉटिफायवर उतरवून घेतलेली गाणीही ३० दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडल्याशिवाय चालू राहत नाहीत. ते भाड्याचे घर आहे. बाबांच्या संग्रहात एखाद्या गावच्या गणेशोत्सवातले कीर्तन, घरातल्या बैठकीतले मुद्रण असेल, तर ते कुठल्याच कंपनीकडे मिळणार नाही.

आता नावे. फोल्डरवाल्या घराला मी पहिल्यांदा ‘म्युझिकोलेट’ देतो. फुकट, विनाजाहिरात, आणि इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे तुमची माहिती कुठे जाते ही चिंता नाही. फोल्डर समोरच दिसतात. एकाच वेळी अनेक रांगा ठेवता येतात: सकाळची एक, गाडीतली एक. इअरफोनचे बटण दोनदा दाबले की पुढचे, तीनदा दाबले की मागचे गाणे. बहुतेकांना इथेच थांबता येते.

संगीतकारांनुसार शोधायचे असेल, सलग वादन आणि रिप्लेगेन दोन्ही नीट हवे असेल, सेटिंगांत रमायची आवड असेल, तर ‘पॉवरॲम्प’. काही दिवस फुकट वापरून बघता येते, मग एकदाच पैसे द्यायचे, दर महिन्याला नाही. मी स्वतः हेच वापरतो. पण आजोबांच्या फोनमध्ये टाकत नाही. चुकून बोट लागून काय बदलेल याचा भरवसा नाही. पैसे न देता सलग वादन आणि रिप्लेगेन हवे, तर ‘फूबार २०००’ची मोबाइल आवृत्ती. रूप रुक्ष आहे, काम चोख.

‘व्हीएलसी’ मी राखीव म्हणून प्रत्येक फोनमध्ये ठेवतो. १९९६ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आजही फुकट आणि विनाजाहिरात आहे. बाबांनी २००३-०४ च्या सुमारास विंडोज मीडिया प्लेअरने सीड्या उतरवल्या असतील, तर त्या फाइली डब्ल्यूएमए प्रकारच्या असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या अनेक ॲपना दिसतही नाहीत. गाणी मोजून कमी भरली, तर हेच कारण असेल. व्हीएलसी त्या वाजवते. घरातल्या कोणाकडे आयफोन असेल, तर तिथे फोल्डर नुसता उचलून टाकता येत नाही. मूळ म्युझिक ॲपमध्ये गाणी संगणकातून न्यावी लागतात आणि ते फ्लॅक स्वीकारत नाही, ॲपलचा स्वतःचा अलॅक प्रकार लागतो. तिथे मी सरळ व्हीएलसी टाकून वायफायवरून फाइली पाठवतो.

कोणतेही ॲप पक्के करण्याआधी मी एका छोट्या फोल्डरवर त्याची परीक्षा घेतो. त्या फोल्डरचे नाव ‘सत्त्वपरीक्षा’. त्यात वीसच फाइली आहेत: ‘ॲ’ दोन्ही प्रकारे लिहिलेली दोन गाणी, सलग जाणाऱ्या दोन बंदिशी, सी-९० कॅसेटची ४५ मिनिटांची एक अख्खी बाजू, एक डब्ल्यूएमए, एक फ्लॅक, टॅग नसलेली तीन, अनेक गायकांचा एक तुटका अल्बम, ‘१’ आणि ‘१०’ क्रमांकाच्या फाइली. अर्ध्या तासात ॲपचे सगळे गुणदोष बाहेर येतात. तुमच्या संग्रहातून असाच एक फोल्डर करा आणि तीन ॲप त्यावर फिरवा. सगळी ४००० गाणी पहिल्याच दिवशी टाकू नका.

आणि जुना फोन अजून कोणाला दिला नसेल, तर देऊ नका, रीसेटही करू नका. त्यातल्या ॲपमध्ये बाबांनी केलेल्या याद्या असतील. ‘पहाटेची’, ‘गाडीतली’, कोणाच्या तरी वाढदिवसाची. गाण्यांच्या फाइली कॉपी केल्या तरी या याद्या त्यांच्याबरोबर येत नाहीत, त्या ॲपच्या पोटात राहतात. ॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट’ असेल, तर त्या एम-थ्री-यू-एट प्रकारात बाहेर काढा. शेवटचा ‘एट’ महत्त्वाचा, साध्या एम-थ्री-यूमध्ये देवनागरी नावे बिघडू शकतात. ती फाइल म्हणजे नुसता मजकूर असतो, प्रत्येक ओळीत एका गाण्याचा पत्ता. नव्या फोनमध्ये फोल्डरचा पत्ता बदलला असेल, तर संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून ‘शोधा आणि बदला’ करा, सगळ्या ओळी एकदम सरळ होतात. एक्स्पोर्टची सोयच नसेल, तर प्रत्येक यादी उघडून पडद्याचे फोटो काढून ठेवा आणि एखाद्या रविवारी मुलीला जवळ बसवून हाताने पुन्हा लावा.